संबंधानंतर रक्त दिसलं तर काय करायचं, कोणत्या क्रमाने

तपासणीच्या खोलीबाहेर बसून बायकांची माहिती लिहून घ्यायचं काम मी करते. फॉर्मवर पहिला रकाना असतो, ‘तक्रार’. बहुतेक जणी सांगतात, ‘पाळी अनियमित आहे.’ मी तसं लिहिते. कागद आत पाठवणार एवढ्यात आवाज खाली येतो, ‘म्हणजे तसं नाही हो... त्यानंतर जातं.’ हे ‘त्यानंतर’ रकान्यात आलं नाही तर पुढचा सगळा मार्गच बदलतो. अनियमित पाळी म्हटलं की सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या लिहून मिळतात. संबंधानंतरच्या रक्तस्रावात आधी पिशवीचं तोंड डोळ्यांनी बघावं लागतं, आणि ते तसंच राहून जातं.

दुसरी चूक याहून जास्त वेळा होते. रक्त कुठून येतंय हे कळायच्या आत ते थांबवायची घाई. गोळीने रक्त थांबतं, मनावरचा भार उतरतो आणि कारण तिथेच बसून राहतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. तुमच्या बाबतीत एखादी पायरी लागू नसेल तर तसं ठरवून पुढे जा, पण न वाचता ओलांडू नका.

शब्दांचं आधी सांगते. पिशवी म्हणजे गर्भाशय. पिशवीचं तोंड म्हणजे गर्भाशयमुख. ते योनीमार्गाच्या आतल्या टोकाला असतं आणि हाताला साधारण नाकाच्या शेंड्याइतकं टणक लागतं. हा लेख पाळीच्या दिवसांबाहेर, संबंधाच्या वेळी किंवा त्यानंतर काही तासांत दिसणाऱ्या रक्ताबद्दल आहे.

## १. त्याच वेळी: रक्त किती जातंय ते बघा

घाबरून लगेच न्हाणीघरात जाऊ नका. स्वच्छ पॅड लावा, वेळ बघा आणि आडव्या व्हा. धुवून टाकलं की किती रक्त गेलं याचा अंदाजच राहत नाही. पॅड असेल तर अर्ध्या तासाने पाहता येतं. नुसता डाग आहे, ओलसर आहे की पॅड भरत आलंय?

रक्त बाहेरच्याच एखाद्या चिरेतून येतंय हे स्पष्ट दिसत असेल, तर स्वच्छ कापडाची घडी तिथे सलग १० मिनिटं दाबून धरा. दर मिनिटाला उचलून ‘थांबलं का’ बघत राहिलात तर ते थांबणार नाही.

यापैकी काहीही असेल तर इथेच वाचन थांबवा आणि रुग्णालय गाठा:

- तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि दुसऱ्या तासालाही तोच वेग आहे, किंवा रक्ताची धार लागली आहे
- चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम, छातीत धडधड
- ओटीपोटात जोराची कळ, किंवा पोटदुखीबरोबर खांद्याच्या टोकाला दुखणं
- दिवस गेलेत हे माहीत आहे
- नुकतंच बाळंतपण, गर्भपात किंवा पिशवीची शस्त्रक्रिया झाली आहे

भळाभळा जाणारं लालभडक रक्त बऱ्याचदा योनीमार्गाला आतून गेलेल्या चिरेचं असतं. अशा चिरेला टाके घालावे लागतात, वाट पाहून ती मिटत नाही. रुग्णालयात निघाला असाल तर वाटेत काही खाऊ-पिऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. पिशवी काढलेली असेल, संबंधानंतर एकदम दुखून रक्त आलं असेल आणि खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटत असेल, तर आतली टाक्यांची जागा उघडलेली असू शकते. हे क्वचित होतं, पण झालं तर त्याच तासात बघायचं असतं.

> सावधान: कापूस, कापडाचा बोळा किंवा टॅम्पॉन आत सारू नका. रक्त आत साठतं आणि बाहेरून वाटतं थांबलं. जंतुनाशक द्रावणाने आतून धुणंही नको. सोललेली त्वचा आणखी भाजते, आणि स्रावाचा नमुना घ्यायचा असेल तर तोही वाया जातो.

संबंध मनाविरुद्ध झाला असेल तर क्रम वेगळा आहे. अंघोळ न करता, तेच कपडे कागदी पिशवीत घेऊन शक्य तितक्या लवकर रुग्णालयात जा. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. गर्भधारणा टाळण्याची गोळी ५ दिवसांपर्यंत देता येते, पण जितकी लवकर घ्याल तितका उपयोग जास्त. धुणं-पुसणं आधीच झालं असेल तरीही जा. उपचार त्यावर अडत नाहीत.

## २. दिवस गेलेत का, हे आधी ठरवा

नसबंदी झालेली, तांबी बसवलेली, पंचेचाळिशीतली, नियमित गोळी घेणारी. ‘माझा प्रश्नच नाही’ असं या सगळ्या जणी म्हणतात. पाळी यायच्या वयात आहात तर लघवीची तपासणी करा, एवढंच. पाळी चुकल्यावर ही तपासणी भरवशाची असते. पाळीची तारीखच नक्की नसेल तर शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर ३ आठवड्यांनी केलेला निकाल धरता येतो.

‘पाळी येऊन गेली’ हा पुरावा मानू नका. गर्भ नळीत राहिला असेल तरी थोडंथोडं रक्त जातं आणि ती पाळीच वाटते. नेहमीपेक्षा उशिरा आलेली, कमी दिवसांची, रंगाने काळपट अशी पाळी असेल तर तपासणी नक्की करा. तांबी बसवलेली असूनही दिवस गेले, तर गर्भ नळीत असण्याची शंका जास्त घेतली जाते.

निकाल होकारार्थी आला तर घाबरण्याआधी हे लक्षात घ्या की गरोदरपणात पिशवीच्या तोंडाचा रक्तपुरवठा वाढतो आणि संबंधानंतर हलका डाग पडू शकतो. पण हे कारण आपलं आपण ठरवायचं नाही. आधी सोनोग्राफीत गर्भ कुठे आहे ते बघतात, नंतरच्या महिन्यांत वार कुठे आहे ते बघतात. वार खाली, तोंडावर आली असेल तर बोट घालून केलेल्या तपासणीनेही जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून गरोदर असाल तर तपासणारा कोणीही असो, ‘वार कुठे आहे ते अजून बघितलेलं नाही’ हे वाक्य स्वतःहून बोला. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही सांगा. त्यासाठीचं इंजेक्शन लागणार असेल तर ते ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं.

## ३. रक्त नक्की योनीमार्गातलंच आहे का?

हसू नका, पण ‘खालून रक्त’ याचा अर्थ बायकांच्या बोलण्यात तीन वेगवेगळ्या वाटा असतो. लघवीची, शौचाची आणि मधली.

लघवी करताना भांड्यात पडणारी धार लालसर आहे का ते बघा. लघवीनंतर टिपलेल्या कागदावर फक्त पुढच्या बाजूला ठिपका उमटत असेल, तर मूत्रमार्गाच्या तोंडाशी असलेला छोटा लाल कोंब किंवा लघवीचा जंतुसंसर्ग हे कारण असू शकतं. शौचाच्या वेळी टिपताना मागच्या बाजूला ताजं रक्त आलं तर मूळव्याध किंवा गुदद्वाराची चीर. चादरीवरच्या डागावरून यातलं काहीच कळत नाही, म्हणून चादर बघत बसू नका.

एक वाट राहून जाते. रक्त जोडीदाराचं असू शकतं. कंडोम वापरला असेल तर तो नीट बघा. रक्त बाहेरच्या बाजूला असेल तर ते तुमचं. आतल्या वीर्यातच लालसर किंवा तपकिरी झाक असेल तर तपासणी त्यांची करायची. एका जोडप्याने या साध्या गोष्टीअभावी पाच महिने बायकोच्या तपासण्या करवल्या होत्या.

मग उजेडात बसून हातात आरसा घ्या. योनीमार्गाच्या खालच्या काठाशी, गुदद्वाराच्या दिशेने, बारीक चीर दिसते का? तिथली त्वचा पांढुरकी, पातळ कागदासारखी झाली आहे का? बघणं एवढंच. बोट आत घालून शोधाशोध नको.

## ४. कागद तयार करा

सगळ्या लेखात हीच पायरी मला सर्वात मोलाची वाटते, आणि हीच कोणी करत नाही. डॉक्टरांसमोर ‘कधीपासून?’ या प्रश्नाचं उत्तर ‘झाले असतील काही महिने’ असं येतं. एकदा एक बाई पाकिटातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवून गेली. त्यावर एवढंच होतं:

*‘१२ तारीख. पाळीचा १९वा दिवस. नाण्याएवढा डाग, लाल. दुखलं नाही. २० तारीख. पाळीचा २७वा दिवस. पॅडला लागलं, सकाळपर्यंत थांबलं. पांढरं जातंय, वास आहे. तांबी चार वर्षांची. पॅप कधी केली नाही.’*

या चार ओळींनी तपासणीतला निम्मा वेळ वाचला. तुमच्या कागदावर प्रत्येक वेळची तारीख, पाळीचा कितवा दिवस, रक्त किती आणि कुठल्या रंगाचं, दुखलं का, आणि संबंधाशिवाय मध्येच कधी डाग पडतो का, एवढं हवं. मागच्या बाजूला: शेवटची पाळी, बाळंतपणं, शस्त्रक्रिया, गर्भनिरोधक कोणतं आणि कधीपासून, रक्त पातळ करणारी औषधं, शेवटची पॅप (पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) किंवा एचपीव्ही तपासणी (तिथल्या कर्करोगामागच्या विषाणूची) कोणत्या वर्षी आणि तिचा निकाल काय. नवा जोडीदार असेल तर तेही लिहा. तोंडाने सांगायला जड जातं ते कागद सांगतो.

> तपासून पाहा: कागद भरायचा म्हणून दोन-तीन महिने थांबला आहात का? मग तो बाजूला ठेवा आणि आधी वेळ घ्या. एका तारखेचा कागदही चालतो.

## ५. कारणाचा अंदाज बांधा, निदान नको

कारणं डझनभर आहेत. ती वयानुसार पाठ करण्यापेक्षा जागेनुसार समजून घेतली की डॉक्टर काय बघताहेत ते कळतं.

बाहेरचा भाग आणि योनीमार्ग. सर्वात साधं कारण कोरडेपणा. घाई, पुरेशी उत्तेजना नसणं, आणि मग घर्षणाने सोलवटणं. पहिल्या संबंधात काही जणींना थोडं रक्त येतं, काहींना अजिबात येत नाही. दोन्ही नैसर्गिक आहे, आणि त्यावरून कोणाच्याही पूर्वायुष्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. बाळंतपणाच्या टाक्यांची जागा पुरती भरली नसेल तर तिथून रक्त येतं. स्तनपानाच्या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी असतं, म्हणून तरुण आईलाही म्हातारपणासारखा कोरडेपणा येतो. हे तिला कोणी आधी सांगत नाही आणि ती स्वतःलाच दोष देत बसते.

पाळी गेल्यावर हेच जास्त प्रमाणात होतं. अस्तर पातळ पडतं, ताणलं जात नाही, साध्या स्पर्शानेही रक्त येतं. मात्र इथे एक खड्डा आहे. पाळी जाऊन १२ महिने झाल्यानंतर आलेलं रक्त, एकदाच आणि ठिपक्याएवढं आलं तरी, ‘कोरडेपणाच असणार’ म्हणून सोडायचं नाही. पिशवीच्या अस्तराचा कर्करोग अशाच ठिपक्याने दिसायला लागतो. तो नाही हे ठरल्यावर मग कोरडेपणाचं नाव घ्यायचं.

अंग बाहेर येत असेल तर बाहेर घासल्या जाणाऱ्या भागावर व्रण होऊन रक्त येतं. बाहेरच्या भागाला सतत खाज, पांढुरके चट्टे आणि संबंधात चिरा पडत असतील, तर तो त्वचेचा वेगळा आजार असू शकतो. त्यावर बुरशीची क्रीम महिनोन्महिने लावून काही होत नाही.

पिशवीचं तोंड. तरुण वयात कारण बहुधा इथेच सापडतं, आणि सर्वात जास्त घोळही इथेच होतो. ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ हे वाक्य असंख्य बायका आयुष्यभर मनात बाळगतात. पुष्कळदा ती जखम नसतेच. तोंडाच्या आतल्या नळीचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं, नाजूक आणि लाल असतं. बाहेरचं अस्तर अनेक थरांचं आणि गुलाबी. ओठ बाहेर मुडपला की आतली लाली दिसते, तसं हे आतलं अस्तर बाहेर येतं. तरुण वयात, गरोदरपणात आणि संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्या घेताना हे सर्रास होतं. घासलं गेलं की थोडं रक्त येतं. त्रास नसेल तर त्यावर काही करायची गरज नसते, आणि त्यामुळे कर्करोगही होत नाही. एवढ्या कारणासाठी पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर शांतपणे कागद उचला आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

दुसरं मोठं कारण जंतुसंसर्ग. क्लॅमिडिया, गोनोरिया आणि ट्रायकोमोनास हे संबंधातून पसरणारे जंतू तोंडाला सूज आणतात आणि हात लागला तरी तिथून रक्त येतं. पिवळसर-हिरवट स्राव, वास, लघवीला आग, ओटीपोटात ठणका ही खूण. पण क्लॅमिडिया कित्येक जणींमध्ये काहीच खूण दाखवत नाही. हा संसर्ग वर नळ्यांपर्यंत गेला तर पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते.

तिसरं, तोंडातून लोंबणारा छोटा मऊ कोंब, म्हणजे पॉलिप. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी असतात. पिळा देऊन काढता येतात, पण काढलेला तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे.

आणि कर्करोग. संबंधानंतर रक्त येणाऱ्या बहुतेक जणींना तो नसतो. पण ज्यांना असतो त्यांच्यात हेच पहिलं लक्षण असणं अगदी नेहमीचं आहे, म्हणून एवढा सगळा खटाटोप. पिशवीच्या तोंडाचे जवळपास सगळे कर्करोग एचपीव्ही विषाणूच्या दीर्घकाळ राहिलेल्या संसर्गातून होतात. त्यातले सुमारे ७० टक्के १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात, एचआयव्हीवर उपचार घेत नसलेल्या स्त्रीमध्ये ५ ते १० वर्षं. हा काळ पूर्वावस्थेचा असतो आणि पूर्वावस्थेत बहुधा काहीच जाणवत नाही. रक्त येऊ लागल्यावर ‘अजून वर्षं आहेत’ असा हिशेब करू नका.

पिशवीच्या आतून. अस्तरातला पॉलिप, अस्तराकडे वाढणारी गाठ, अस्तराचा संसर्ग. अशा वेळी बहुधा संबंधाशिवायही मध्येच डाग पडत असतात, आणि हे तुमच्या कागदावरून लगेच कळतं. गर्भनिरोधक इंजेक्शन, दंडात बसवायची कांडी किंवा फक्त प्रोजेस्टेरॉन वर्गाची गोळी यांनीही अधूनमधून डाग पडतो. गोळी विसरली, किंवा क्षयावरचं रिफॅम्पिसिन सुरू झालं, तर गोळीचा परिणाम कमी होतो. मग रक्त तर येतंच, वर दिवसही जाऊ शकतात.

सगळ्या शरीराचं कारण. रक्त पातळ करणारी औषधं, किंवा रक्त गोठण्याचा जन्मजात दोष. लहानपणापासून हिरड्यांतून रक्त, दात काढल्यावर न थांबणारं रक्त, पहिल्या पाळीपासूनच अतिशय जास्त रक्तस्राव असं काही असेल तर कागदाच्या मागे लिहा.

## ६. कधी जायचं, आणि जाण्याआधी काय टाळायचं

पाळी गेलेली असेल, वास येणारा पाण्यासारखा किंवा रक्तमिश्रित स्राव असेल, वजन उतरत असेल, कंबर-पाय दुखत असतील: याच आठवड्यात. दोनदा किंवा जास्त वेळा झालं असेल: पाळी व्यवस्थित असली तरी दोन आठवड्यांच्या आत. एकदाच झालं, बाहेरची चीर स्वतः बघितली, ती भरून आली आणि नंतर काही नाही: लिहून ठेवा. पुन्हा झालं की जा. मात्र पॅप किंवा एचपीव्ही तपासणी राहिलेली असेल तर हेच निमित्त समजा.

आधीचे ४८ तास संबंध नकोत, योनीमार्गात गोळी किंवा क्रीम नको, आतून धुणं नको. नमुना बिघडतो. आणि ‘रक्त जातंय तर कसं जाऊ’ असं म्हणून भेट पुढे ढकलू नका. जोराची पाळी असेल तर नमुना नंतर घेतील, पण नुसता डाग असताना बघणंच उपयोगाचं.

> सावधान: ट्रॅनेक्झॅमिक आम्लाची रक्त थांबवणारी गोळी, पाळी पुढे ढकलायची गोळी किंवा घरात उरलेली प्रतिजैविकं स्वतःहून घेऊन तपासणीला जाऊ नका. लक्षण दबतं, जंतू अर्धवट मरतात आणि नमुन्यात काही सापडत नाही.

## ७. टेबलावर: काय आधी, काय नंतर

लघवी करून मगच टेबलावर जा. सोबत ओळखीची बाई किंवा नर्स हवी असं म्हणायचा हक्क तुमचा आहे. पोट आणि बाहेरचा भाग बघून झाला की बदकाच्या चोचीसारखं स्पेक्युलम वापरून आत बघतात. कंबर घट्ट आवळली की जास्त दुखतं. श्वास सोडताना ते आत जाऊ द्या. लहान आकाराचं मागता येतं. ‘थांबा’ म्हटलं की थांबायलाच हवं.

तोंड दिसलं की जंतूंसाठी स्राव, मग पॅप किंवा एचपीव्हीचा नमुना. शेवटी हाताने पिशवीची तपासणी. जंतूंसाठी साध्या कल्चरपेक्षा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघण्यापेक्षा, जंतूंचं जनुकीय द्रव्य शोधणारी तपासणी जास्त नेमकी असते, उपलब्ध असेल तर तीच करून घ्या.

टेबलावरून उतरण्याआधी दोन प्रश्न विचारा: ‘तोंड पूर्ण दिसलं का?’ आणि ‘रक्त कुठून येतंय ते दिसलं का?’

आता ती चूक, जी मला आठवड्यातून एकदा तरी दिसते. हातात सोनोग्राफीचा अहवाल, त्यावर ‘सर्व सामान्य’, आणि ‘सगळं बघून झालंय’ हा दिलासा. सोनोग्राफी पिशवीचं अस्तर, गाठी, अंडाशय दाखवते. तोंडाच्या पृष्ठभागावरची सूज, छोटा पॉलिप किंवा सुरुवातीचा व्रण त्यात दिसेलच असं नाही. टेबलावरची दोन मिनिटांची तपासणी सोनोग्राफीने भरून निघत नाही. उलट पाळी गेलेल्या बाईला मात्र योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी हवीच. अस्तराची जाडी ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर अस्तराच्या कर्करोगाची शक्यता फारच कमी होते. जास्त असेल, किंवा कमी असूनही रक्त येतच राहिलं, तर अस्तराचा नमुना घेतात.

## ८. अहवाल वाचताना

पॅप ही ज्यांना काहीही त्रास नाही अशा बायकांमधला धोका हुडकायची चाळणी आहे. त्रास असलेल्या बाईत ती एकटी पुरत नाही. रक्त आणि मेलेल्या पेशींमुळे प्रत्यक्ष कर्करोग असतानाही नमुना सामान्य येऊ शकतो. म्हणून तोंडावर संशयास्पद काही दिसत असेल तर पॅप कशीही येवो, तुकडा काढून तपासणीला पाठवायलाच हवा. ‘गेल्या वर्षी नॉर्मल होती’ हे उत्तर इथे चालत नाही. एचपीव्हीची लस घेतली आहे, हेही नाही.

एचपीव्ही पॉझिटिव्ह याचा अर्थ कर्करोग नव्हे. हा विषाणू फार सामान्य आहे आणि बहुतेकांचं शरीर तो दोनेक वर्षांत घालवतं. तो कधी आणि कोणाकडून आला हे त्या कागदावरून सांगता येत नाही, त्यामुळे त्यावरून घरात भांडण काढू नका.

पुढची पायरी कॉल्पोस्कोपी: भिंगातून तोंड बघणं. सौम्य ॲसेटिक आम्ल लावल्यावर बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो आणि तुकडा नेमका तिथून घेता येतो.

> तपासून पाहा: तोंड जाळायचा किंवा गोठवायचा सल्ला मिळाला आहे का? मग पॅप किंवा एचपीव्हीचा, आणि गरज असेल तर बायोप्सीचा (काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा) अहवाल हातात आला आहे ना? आधी जाळलं आणि मग तपासलं, तर तपासायला काही उरत नाही.

## ९. उपचार आणि त्यानंतर

संसर्ग निघाला तर दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं. एकच डोस असेल तर त्यानंतर ७ दिवस, कोर्स असेल तर तो संपेपर्यंत दोघांनीही संबंध टाळायचे. एकट्या बाईने औषध घेतलं तर पंधरा दिवसांत ती पुन्हा त्याच खुर्चीवर असते. क्लॅमिडिया किंवा गोनोरिया असेल तर ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी.

कोरडेपणासाठी वंगण. पण कंडोम वापरत असाल तर खोबरेल, व्हॅसलिन, बेबी ऑइल नको, लॅटेक्स त्याने विरतं. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण घ्या. योनीमार्गात ठेवायच्या बुरशीच्या काही गोळ्या-क्रीमही कंडोम कमकुवत करतात, पाकिटावरची सूचना वाचा. इस्ट्रोजेनची क्रीम चांगला गुण देते, मात्र रक्ताचं कारण कळण्याआधी सुरू करायची नाही, आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारायचं.

बायोप्सीनंतर काही दिवस कॉफीच्या चोथ्यासारखा तपकिरी-काळा स्राव जातो. रक्त थांबवायला लावलेल्या औषधाचा तो रंग असतो. ताजं लाल रक्त वाढत गेलं, ताप आला किंवा घाण वास सुटला तर परत जा. संबंध कधी सुरू करायचे ते खोलीतून निघण्याआधी विचारून घ्या आणि तारीख कागदावर लिहा. सगळ्या तपासण्या सामान्य आल्या आणि तरी रक्त येत राहिलं, तर ‘नॉर्मल आहे’ यावर समाधान न मानता कॉल्पोस्कोपी मागा.

बायोप्सीचा अहवाल कागदावर हातात घ्या. ‘फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक’ असं धरू नका, कधीकधी फोन करायचा राहूनही जातो. प्रयोगशाळेची पावती जपून ठेवा. दुसरं मत घ्यायची वेळ आली तर तिच्यावरच्या नमुना क्रमांकावरून तीच काचपट्टी पुन्हा काढून तपासता येते.